इंदूच्या नावाची आंघोळ

या सदरातले अनुभव माझी नात ईशा डब्लिनला बसून वाचते आणि मग झोप येत नाही म्हणून मला फोन करते. मी तिला नेहमी हेच सांगत आले, की असलं वाचू नये, दूध पिऊन झोपावं. आमच्या घरात देव होते, भुतं नव्हती. मी बेळगावला मिशनच्या शाळेत शिकले, पुढे आयुष्यभर हायस्कूलच्या मुलांना इंग्लिश शिकवलं. ज्याला पुरावा नाही ते वाक्य वहीत लिहायचं नाही, असं मुलांना सांगणारी बाई मी. आता त्याच ईशाच्या आग्रहावरून इथे लिहायला बसले आहे. तिचं म्हणणं — आजी, तू सगळं क्रमाने लिही, म्हणजे आम्हाला आमच्या मुलांना सांगता येईल.

तर क्रमाने लिहिते. ईशा आणि रोहन, तुम्हाला यातलं बरंच ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना नाही. तेव्हा कंटाळू नका.

आमचं घर निपाणीत, हायवेपासून आत, नव्या वसाहतीत. तुमचे आजोबा गेल्यापासून घरात दोनच माणसं — मी आणि आक्का. आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. वय नव्वदीच्या आसपास. कानाचं मशीन होतं, पण ते डब्यातच असायचं, कारण त्यातून "लोकांची नको ती बोलणी ऐकू येतात." समोर बसून मोठ्याने बोललेलं तेवढं कळायचं; कुकरची शिट्टी त्यांना ऐकू यायची नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गेल्या वर्षी नातवाने, रोहनने, मेलबर्नहून फॅमिली ट्रीचं काम माझ्या गळ्यात घातलं. मला पाठीचा त्रास, गुडघ्याचा त्रास, पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायची सवय नाही. मोठा ड्रॉइंग पेपर आणला, पट्टीने चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात नाव, जन्म, आणि गेलेल्या माणसाचा मृत्यू. मी लेकी-सुनांचेही चौकोन काढले, कारण आमच्या वंशावळीत बायका कुठेच नसतात.

सगळा कागद भरत आला. एक चौकोन अडला. इंदूचा.

इंदू ही आक्कांची मुलगी, एकुलती एक. आक्कांचं सासर कोगनोळी नाक्याच्या पलीकडच्या एका गावात. इंदू तीन वर्षांची असताना आक्कांच्या नवऱ्याने दुसरी केली आणि आक्कांना माहेरी पाठवून दिलं. मुलगी ठेवून घेतली… घराण्याची लेक आहे म्हणाले. नंतर वर्षभरात तिकडून सांगावा आला, की पोरगी गोवराने गेली. माझे सासरे धावत गेले. लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. त्यांना ओढ्याकाठची ताजी माती दाखवली. ते रडत परत आले, दारातच अंगावर पाणी घेतलं, घरातल्या सगळ्यांनी इंदूच्या नावाने आंघोळ केली.

आक्कांनी केली नाही.

तुम्हा मुलांसाठी सांगते. आपल्याकडे जवळचं माणूस गेल्याचं कळलं की त्याच्या नावाने आंघोळ करतात. त्याने सुतक फिटतं, आणि माणूस गेलं हे आपण मान्य केलं असा त्याचा अर्थ. आक्का म्हणाल्या, "म्या तोंड बघितल्यालं न्हाय. मातीच्या ढिगाच्या नावानं आंघोळ करायला मी काय येडी हाय?" भावकीने बोलून बोलून जीव नकोसा केला. घरात कार्य निघालं की बायका कुजबुजायच्या, हिचं सुतक फिटलेलं नाही, हिला हळदीला हात लावू देऊ नका. आक्का हळदीला हात लावायच्या नाहीत. पण आंघोळही केली नाही. साठ वर्षांच्या वर गेली असतील.

आणि आता मी पट्टी-पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढे बसले.

"आक्का, इंदूच्या चौकोनात काय लिहू?"

"नाव लिही."

"ते लिहिलंय. पुढे?"

"फुडं काय? ऱ्हाऊ दे तसंच."

"असं अर्धवट नाही ठेवता येत. पोरं विचारतील."

"मग पोरास्नी म्हणावं, आक्काला इचारा."

मी दमले होते. खरं सांगायचं तर मला तो कागद संपवून गुंडाळी करून कपाटावर टाकायचा होता. पण आक्का मला पेनला हात लावू देईनात. म्हणाल्या, "मी हाय तवर त्यात मेली म्हणून लिहायचं न्हाय. मी गेले की काय लिहायचं ते लिही." नव्वद वर्षांच्या बाईला आणखी काय सांगणार.

सुगी आटोपली आणि हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवणारे लोक. ठरलेली घरं असतात त्यांची, काही वर्षांनी एकदा फिरकतात. पूर्वी बैलावर बसून यायचे. हा मल्लाप्पा मोटारसायकलवरून आला, पुढे दिव्याच्या जागी नंदीचं चित्र चिकटवलेलं. गळ्यात घंटा मात्र जुनीच. आल्या आल्या पाणी मागितलं, मग मोबाइलला चार्जर मागितला.

आमच्या घरची रीत अशी. हेळवी मूळपुरुषापासून एकेक नाव घेत खाली येतो. गेलेल्या माणसाचं नाव आलं की तोच "गेले" म्हणतो आणि पुढे जातो. जिवंत माणसाचं नाव आलं की थांबतो, आणि त्या माणसाने "हाय" म्हणायचं. माणूस परगावी असलं तर घरातल्या कुणीतरी त्याच्या वतीने म्हणायचं. आजवर तुमच्या वतीने मीच म्हणत होते. या खेपेला वाटलं, पोरांनाच म्हणू दे. म्हणून तुम्हा दोघांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. फोन टीपॉयवर तांब्याला टेकवून ठेवला. ईशाकडे सकाळ होती, ती अजून पांघरुणात. रोहन ऑफिसातून आलेला, पुढ्यात ताटली घेऊन. आमच्याकडे टळटळीत दुपार. हे मुद्दाम लिहिते आहे. कुणाला काळोख, कुत्री वगैरे हवं असेल तर तसं काही नव्हतं. बाहेर शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत होत्या.

मल्लाप्पाने घंटा वाजवली आणि सुरुवात केली. सुरेख म्हणतो, कानडी चालीवर मराठी नावं. रोहनचं नाव आलं तेव्हा रोहन तोंडात घास असतानाच "हाय" म्हणाला आणि मल्लाप्पा हसायला लागला.

"कुठं असतंय हे लेकरू?"

"ऑस्ट्रेलिया," मी म्हणाले.

"आमच्या आज्ज्याला तिथवर बैल न्यायला जमलं नसतं बघा, बाई."

नंतर ईशा. मुलीचं नाव तो घेत नव्हता, मी घ्यायला लावलं. ईशा दोनदा "हाय" म्हणाली, एकदा मराठी आणि एकदा इंग्लिश. सगळे हसले. तोवर सगळं छान चाललं होतं.

मल्लाप्पा घंटा आवरायला लागला, तर कॉटवरून आक्का म्हणाल्या, "माझ्या लेकीचं नाव घे."

तो गोंधळला. "आक्का, लेकीची लेकरं आमच्यात येत न्हाईत. ती तिच्या बापाच्या हेळव्याकडं."

"तिच्या बापाचा हेळवी बी तिचं नाव घेत न्हाय. मी इचारून घेतलंय. तिकडं न्हाय, हिकडं न्हाय. मग लेकरू गेलं कुठं? एकदा घे. तुझी जीभ झिजायची न्हाय."

मी आक्कांना समजवायला गेले, पण मल्लाप्पाने मलाच हाताने थांबवलं. आक्कांच्या बापाचं नाव घेतलं, मग आक्कांचं — आक्का "हाय" म्हणाल्या — आणि मग, "त्येंची लेक इंदूबाई…" इथे तो थांबला. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "बाई, फुडं काय म्हणू? हाय म्हणू का गेली म्हणू?"

मी आक्कांकडे बघितलं. आक्का भिंतीकडे बघत होत्या. खोलीत आम्ही तिघंच. कुणीही बोललं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. शेवटी मल्लाप्पाने नुसताच नमस्कार केला आणि उठला.

तेवढ्यात फोनमधून ईशा म्हणाली, "आजी, तिथे आणखी कोण आहे?"

"कोणी नाही गं."

"आत्ता 'हाय' कोण म्हणालं?"

"कोणी नाही म्हणालं."

"म्हणालं आजी. मी ऐकलं. रोहन, तू ऐकलंस ना?"

रोहनने ताटली खाली ठेवली होती. "हो. कोणीतरी बाई. म्हातारी. अगदी फोनजवळून."

"आक्काआजी असतील," ईशा म्हणाली.

"त्यांचा आवाज मला माहितीय. हा वेगळा होता."

तुम्ही दोघं दोन वेगळ्या देशांत होतात. दोघांनीही तेच ऐकलं. मी हाताच्या अंतरावर बसले होते आणि मी काही ऐकलं नाही. मल्लाप्पानेही नाही. त्याने तर मी दिलेलं धान्य पिशवीत भरताना चार वेळा विचारलं, काय म्हणत्यात पोरं, काय म्हणत्यात. चहा न घेताच गेला.

मी कॉल बंद केला, खिडकीतून डोकावले, शेजारच्या गच्चीवर कोणी बाई आहे का बघितलं. नव्हती. टीव्ही बंद होता. मग वाटलं, फोनमध्ये आधीचा कुणाचा तरी आवाज घुमला असेल. आक्कांनीच आधी "हाय" म्हटलं होतं, त्याचा प्रतिध्वनी. मी इतकं सगळं डोक्यात मांडत होते आणि मागून आक्का म्हणाल्या,

"सुधा, पाणी तापव गं."

"का? सकाळी झाली की आंघोळ."

"परत करायची हाय. इंदीच्या नावानं."

मशीन डब्यात होतं, मी डबा उघडून बघितला. "आक्का, तुम्हाला काय ऐकू आलं?"

"पोरास्नी आलं त्येच."

"अहो, मग ती 'हाय' म्हणाली ना? म्हणजे तुमचंच खरं. ती असेल कुठेतरी. आणि आज तुम्ही आंघोळ कसली करता?" हे मी बोलले. मी, पुराव्याशिवाय न लिहिणारी बाई.

आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या ढ मुलाकडे पाहत असे. "येवढी शिकलीस, तुला कळंना का गं? जिती असती तर आपल्या घरी भाकरी थापत बसली असती. हितं कशाला आली असती? आजवर येक दिस तरी आली का? आज आली. मोकळी झाली तवाच आली."

मी पाणी तापवलं. त्यांनी डोक्यावरून घेतलं, मी पाठ चोळली. त्या रडल्या नाहीत. नंतर वरण-भात जेवल्या आणि झोपल्या.

मला मात्र झोप नाही. आणि तुमचे फोन… ईशा, तू तर मला पोलिसांसारखं विचारत होतीस. शेवटी मीच ठरवलं की एकदा आक्कांच्या सासरच्या गावी जाऊन यावं. काही सापडणार नाही, पण चौकोन तरी मिटेल.

माघात गेले. त्या दिवशी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरून काहीतरी आंदोलन होतं. आमच्याकडे ते होतंच असतं — आमच्या बस कोगनोळी नाक्यापर्यंत, त्यांच्या बस पलीकडे उभ्या. सगळे उतरून पिशव्या घेऊन चालत नाका ओलांडतात, मीही ओलांडला. पुढे वडाप मिळालं, जीपमध्ये उसाच्या मजुरांबरोबर दाटीवाटीने बसून गावात पोचले तेव्हा माझे गुडघे गेले होते.

आक्कांच्या सासरी आता एकच माणूस त्या काळातलं, त्यांची धाकटी जाऊ. अंथरुणाला खिळलेली, पण डोकं शाबूत. मी कोण ते सांगितलं. इंदूचं नाव काढलं. म्हातारी बराच वेळ माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होती.

मग म्हणाली, "पोरगी मेली न्हवती."

आक्कांच्या सवतीला इंदू नको होती. सासूचा एक भाऊ लोंढ्याला रेल्वेत होता, त्याला मूल नव्हतं. सासूने मुलगी त्याला दिली. आई जिवंत असताना लेकरू दुसऱ्याला दिलं म्हणून गाव तोंडात शेण घालेल, आणि आक्काचा बाप मागायला येईल, म्हणून गोवराने गेली असं सांगितलं.

"आणि ती माती?"

"त्यात काय बी न्हवतं. मी तवा नवी नवरी. घरात तोंड उघडायची सोय न्हवती. मागनं सांगणार हुते… मग म्हटलं, त्येंनी आंघोळ केली असणार. केल्यावर काय सांगायचं?"

"आक्कांनी नव्हती केली," मी म्हणाले.

म्हातारीने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मला ठावं असतं तर सांगितलं असतं गं बाई."

लोंढ्याला जायला मी पंधरवडा घेतला, कारण आल्यावर तापच भरला. बेळगावला जाऊन रेल्वे धरली. लोंढ्याचं स्टेशन मला लहानपणापासून आवडतं, गाड्या बदलायचं ठिकाण. पण कधी कोणी तिथेच उतरून राहिलेलं आपलं असेल असं मनात आलं नव्हतं. रेल्वेतल्या त्या माणसाचं नाव जावेने दिलं होतं. स्टेशनबाहेरच्या किराणावाल्याला विचारलं. त्याने घर दाखवलं.

दार सुनीता नावाच्या बाईने उघडलं. पन्नाशीच्या आतली, अंगणवाडीत शिकवते. मी त्या रेल्वेतल्या माणसाच्या मुलीबद्दल विचारलं तर म्हणाली, "ती माझी आई. श्रावणात गेली."

हेळवी आला मार्गशीर्षात. मी तिथेच पायरीवर बसले. तिने पाणी आणलं.

दत्तक घरी इंदूचं नाव बदललं होतं, पण आपण पोटची नाही हे तिला ठाऊक होतं. सुनीता म्हणाली, "आई सांगायची, की माझी खरी आई मी लहान असतानाच वारली. दरवर्षी पितृपक्षात, म्हाळाला तिच्या नावाने पान वाढायची. आम्ही हसायचो, कारण नाव माहीत नव्हतं, नुसतं 'आईसाठी' म्हणायची. आणि कावळा शिवेपर्यंत स्वतः जेवायची नाही."

म्हणजे बघा. इकडे आईने लेकीच्या नावाने आंघोळ केली नाही. तिकडे लेकीला आई मेली म्हणून सांगितलेलं, आणि ती जिवंत आईला दरवर्षी जेवू घालत होती. लोंढा आणि निपाणी… सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो आपण.

घरी येऊन मी आक्कांना सगळं सांगितलं. मशीन कानात घालायला लावून सांगितलं. पानाचं ऐकल्यावर म्हणाल्या, "व्हय का? तरीच म्हटलं. माझं दाणं-पाणी कधी तुटलं न्हाय. नवऱ्यानं टाकलं, भाऊ गेला, तरी कधी उपाशी ऱ्हायले न्हाय बघ मी."

शिमग्याच्या आधी सुनीता आली. मोठा प्रसंग होईल म्हणून मी गोळ्या जवळ ठेवल्या होत्या. तसं काही झालं नाही. आक्कांनी तिला कॉटवर जवळ बसवलं आणि एकच विचारलं, "तिला कुणी मारत न्हवतं न्हवं?"

"नाही आजी. आजोबांनी फार जपलं तिला. रेल्वेच्या पासावर कुठे कुठे फिरवून आणलं."

"मग झालं," आक्का म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "आता लिही तुझ्या कागदावर."

मी लिहिलं. इंदूच्या चौकोनात दोन्ही बाजू भरल्या. खाली सुनीता, तिच्या खाली तिचा मुलगा, जो पुण्याला शिकतो आणि तुमचा भाचा लागतो. रोहन, त्याने तुला मेसेज केला आहे म्हणे, उत्तर दे. ज्येष्ठात आक्का गेल्या, झोपेतच. त्यांच्याही चौकोनात मीच लिहिलं. सुनीताने लोंढ्याला त्यांच्या नावाने आंघोळ केली.

आता राहिलं ते तुम्हा सगळ्यांना विचारायचं. इंदू जिवंत होती हे जावेला ठाऊक होतं, ती गेली हे सुनीताला ठाऊक होतं; आमच्या खोलीत यातलं काहीही कुणाला ठाऊक नव्हतं. मग तो आवाज कुणाचा? फोन घुमला म्हणावं, तर रोहनला तो म्हाताऱ्या, वेगळ्या बाईचा का वाटला? आम्ही तर तीन-चार वर्षांच्या मुलीचं नाव घेत होतो. कुकरची शिट्टी न ऐकणाऱ्या आक्कांना तो ऐकू आला, मला नाही. रोहन, तू सगळ्याचं रेकॉर्डिंग करतोस, त्याच दिवशी केलं नाहीस. मी सगळी उत्तरं लिहून बघितली आणि एकेक खोडली. आता आणखी शोधायची ताकद उरलेली नाही.

मल्लाप्पा आणखी काही वर्षांनी येईल. तेव्हा मी बहुतेक नसेन. तुम्ही कुठे असाल तिथून कॉलवर या. माझं नाव आल्यावर तो "गेल्या" म्हणेल. त्यानंतर तुम्हाला काही ऐकू आलं, तर घाबरू नका आणि एकमेकांना फोन करत बसू नका. पाणी तापवा, आंघोळ करा, आणि वेळेवर जेवून घ्या.